एकवीस दिवसांची सुई

गेल्या आठवड्यात या सदरासाठी एका निवृत्त गुरुजींचे पत्र आले. त्यांनी लिहिले आहे, "डॉक्टरसाहेब, सकाळी वर्तमानपत्र उघडावे तर कुठे लढाई, कुठे नवी साथ, कुठे समुद्रात अडकलेली जहाजे. वाचता वाचता छातीत धडधड होते. रक्तदाब तपासून घेतला, तो ठीक निघाला. या साऱ्या जगाच्या उलाढालींचा आमच्यासारख्या तालुक्याच्या गावातील माणसाशी खरोखर काही संबंध आहे काय? नसेल तर वाचणे सोडून देतो. असेल तर आम्ही काय करावे तेवढे सांगा."

गुरुजींना झोपेची एखादी गोळी लिहून देऊन मोकळे होता आले असते. पण त्यांचा प्रश्न खरा आहे आणि आजच्या काळात तो अनेकांच्या मनात आहे. त्याचे उत्तर मला माझ्याच दवाखान्यात, अंगठ्याएवढ्या एका काचेच्या बाटलीने शिकवले. ते शिकताना माझ्या हातून एक चूकही झाली. आज ती हकीकत सांगतो. तिच्या निमित्ताने एका महत्त्वाच्या आजाराची माहितीही होईल.

गुडघा बरा झाला, पण...

आठ-नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. एस.टी. स्टँडजवळ शिवणकाम करणारे एक गृहस्थ आपल्या अकरा वर्षांच्या मुलीला घेऊन आले. मुलीला जिना चढताना धाप लागत होती. विचारपूस करता कळले की महिनाभरापूर्वी तिचा उजवा गुडघा सुजून लाल झाला होता, हात लावू देत नव्हती. खेळताना लागले असेल म्हणून आजीने लेप लावला. चार दिवसांत गुडघा उतरला, पण डावा घोटा सुजला. तोही उतरला, मग मनगट धरले. मग सारेच आपोआप बरे झाले. घरच्यांना वाटले, लेप लागू पडला.

मी विचारले, "त्याच्या आधी घसा दुखला होता का?" मुलीची आई म्हणाली, "हो, दोन-तीन आठवडे आधी. ताप पण होता. दुकानातून गोळ्या आणल्या, दोन दिवसांत बरं वाटलं."

छातीला नळी लावली तेव्हा हृदयाच्या ठोक्यांमध्ये एक सळसळ ऐकू येत होती. जिल्ह्याच्या गावी पाठवून टू-डी एको करून घेतला. हृदयाच्या डाव्या बाजूची झडप नीट मिटत नव्हती, रक्त मागे गळत होते. डॉक्टर ज्याला ऱ्हुमॅटिक फीवर म्हणतात, तो संधिवाताचा ताप तिला येऊन गेला होता आणि जाताना झडपेला इजा करून गेला होता.

हा आजार होतो कसा?

स्ट्रेप्टोकोकस नावाचा एक जिवाणू आहे. त्याच्या एका जातीमुळे मुलांना घशाचा दाह होतो. पाच ते पंधरा वर्षे वयात हे प्रमाण अधिक. घरात एका खोलीत पाच-सहा माणसे झोपत असतील, वर्गात मुले दाटीने बसत असतील, तर खोकण्या-शिंकण्यातून तो सहज पसरतो.

शरीर या जंतूशी लढण्यासाठी प्रतिपिंडे, म्हणजे संरक्षक द्रव्ये तयार करते. पण या जंतूच्या अंगावरील काही द्रव्ये आपल्या हृदयातील व सांध्यांतील पेशींसारखी दिसतात. मग काही मुलांच्या बाबतीत घोटाळा होतो. चोर पळून जातो आणि रखवालदार घरच्याच माणसावर काठी उगारतो. घसा बरा झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, मोठे सांधे एकामागून एक सुजतात. क्वचित हातापायांच्या अनावर हालचाली सुरू होतात, मुलाच्या हातून पेला पडतो, अक्षर बिघडते आणि मास्तर ओरडतात.

सांध्यांवरून हा आजार नुसता हात फिरवून जातो. तेथे तो खूण ठेवत नाही. घाव बसतो तो हृदयाच्या झडपांवर. झडप म्हणजे हृदयातील एकेरी दार. ते दार जाड झाले, आकसले किंवा नीट मिटेनासे झाले की हृदयाचा कप्पा ताणला जातो, धाप लागते, पायांवर सूज येते. जगात आज चार कोटींहून अधिक माणसे असे दुखावलेले हृदय घेऊन जगत आहेत. त्यातील फार मोठा वाटा आपल्यासारख्या देशांतील गरीब कुटुंबांचा आहे.

यात एक गोष्ट दिलाशाची आहे. पहिल्या झटक्यात झडपेला झालेली इजा पुष्कळदा सौम्य असते. बरबादी होते ती पुन्हा पुन्हा घसा बिघडून पुन्हा पुन्हा झटके आल्यामुळे. म्हणून उपचाराचा सारा भर दुसरा झटका टाळण्यावर असतो आणि तो टाळण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे बेन्झाथीन पेनिसिलीनचे इंजेक्शन. हे औषध स्नायूत दिले की तेथून ते थोडे थोडे रक्तात उतरत राहते. मोठ्यांना बारा लाख युनिट, लहान मुलांना वजन पाहून सहा लाख. दर तीन आठवड्यांनी, म्हणजे एकवीस दिवसांनी. काही ठिकाणी चार आठवड्यांनीही देतात. हृदयाला इजा नसली तरी किमान पाच वर्षे किंवा वयाच्या अठरा वर्षांपर्यंत, इजा असेल तर त्याहून पुष्कळ अधिक काळ, आणि काहींना जन्मभर.

खडूची खूण

शिंपीदादांना मी हे सारे समजावून सांगितले. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "तारीख चुकली तर?" मी म्हणालो, "चुकवायची नाही." त्यांनी घरी कालनिर्णयावर दर एकविसाव्या दिवशी कापडावर खुणा करायच्या निळ्या खडूने फुली मारून ठेवली. सुई दुखते. औषध पांढरे, घट्ट, सुईत अडकणारे. मुलगी ओठ दाबून घ्यायची, अर्धा तास बाकावर बसून राहायची आणि मग बापलेक निघून जायची. वर्षभरात एकही खूण चुकली नाही.

आणि एका पावसाळ्यात औषध मिळेनासे झाले.

आमच्या गावच्या दुकानात नव्हते. दुकानदाराने घाऊक व्यापाऱ्याकडे विचारले, त्याच्याकडेही नव्हते. जिल्ह्याच्या गावी दोन दुकानांत चौकशी केली, तेथेही तेच उत्तर: वरूनच माल येत नाही. शिंपीदादा आले तेव्हा दवाखान्यात गर्दी होती. मी म्हणालो, "दादा, माल आला की निरोप पाठवतो. थोडं मागंपुढं झालं तरी चालेल."

माझी चूक झाली ती येथे. थोडे मागेपुढे झालेले या आजारात चालत नाही. सुई नसेल तर तोंडाने घेण्याच्या पेनिसिलीनच्या गोळ्या दिवसातून दोनदा सुरू करता आल्या असत्या. त्या मिळाल्या नसत्या तर एरिथ्रोमायसिन देता आले असते. गोळ्या रोज आठवणीने घ्याव्या लागतात म्हणून त्या सुईइतक्या खात्रीच्या नाहीत, पण उघड्या दारापेक्षा कडी लावलेले दार बरे. हे मला ठाऊक होते. त्या दिवशी गर्दीत मी ते केले नाही, कारण माझ्या मनाने गृहीत धरले होते की इतके जुने, इतके स्वस्त औषध आठवड्याभरात येईलच.

ते सात आठवडे आले नाही. मधल्या काळात मुलीचा घसा धरला. नंतर ताप, पुन्हा गुडघा आणि पुन्हा धाप. तिला पंधरा दिवस रुग्णालयात ठेवावे लागले. दुसऱ्या एको तपासणीत झडपेची गळती वाढलेली दिसली.

शिंपीदादांनी मला बोल लावला नाही. इतकेच म्हणाले, "साहेब, मी सुईसाठी तीन वेळा दुकानात जाऊन आलो होतो." ते वाक्य माझ्या मनातून गेले नाही. त्यानंतर मी ही बाटली येते कोठून, हे शोधायला बसलो.

बाटलीमागचे जग

पेनिसिलीनच्या जन्मकथेतच टंचाई आहे. 1928 साली लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना एका बुरशीभोवती जंतू मरत असल्याचे दिसले. त्यापासून वापरता येईल असे औषध काढण्यास आणखी बारा-तेरा वर्षे लागली. ते काम ऑक्सफर्ड येथे फ्लोरी, चेन, हीटली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. फेब्रुवारी 1941 मध्ये तेथील एका पोलिसाला हे औषध देण्यात आले. त्याचे नाव अल्बर्ट अलेक्झांडर. चेहऱ्यावरील जखमेतून जंतुदोष अंगभर पसरला होता. औषध सुरू होताच ताप उतरला, तो जेवू लागला. पण औषधाचा साठा संपला. रुग्णाच्या लघवीतून बाहेर पडणारे पेनिसिलीन पुन्हा गोळा करून त्यालाच देण्यात आले, तेही पुरले नाही. आजार उलटला आणि मार्च महिन्यात तो मरण पावला. औषध गुणकारी ठरले होते, फक्त ते पुरेसे नव्हते.

त्यावेळी लंडनवर बॉम्ब पडत होते. म्हणून फ्लोरी आणि हीटली बुरशी घेऊन अमेरिकेला गेले. तेथे पिओरिया नावाच्या गावात शेतीमालावर संशोधन करणारी प्रयोगशाळा होती. मक्यापासून स्टार्च काढल्यावर उरणाऱ्या दाट पाण्यात ही बुरशी वाढवली, तेव्हा उत्पन्न कितीतरी पटींनी वाढले. पुढे 1943 मध्ये त्याच गावातील एका बुरसटलेल्या खरबुजावर अधिक जोमदार बुरशी सापडली. आजही जगातील कारखान्यांत पेनिसिलीनसाठी वापरली जाणारी बुरशी बहुतांशी त्याच खरबुजावरील बुरशीच्या वंशातील आहे. म्हणजे लंडनचा शोध, ऑक्सफर्डची मेहनत, अमेरिकेतील मक्याचे पाणी आणि एक सडके फळ एवढ्या गोष्टी एकत्र आल्या तेव्हा हे औषध सामान्य माणसापर्यंत पोहोचले.

आपल्या महाराष्ट्राचाही या कथेत मानाचा भाग आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने केंद्र सरकारने 1954 साली पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना स्थापन केला. पेनिसिलीन देशातच तयार व्हावे आणि गरिबाला परवडावे, हा त्यामागील हेतू. पिंपरी-चिंचवडची आज जी उद्योगनगरी झाली आहे, तिच्या अगदी आरंभीच्या कारखान्यांपैकी हा एक. त्यानंतर देशात इतरही कारखाने निघाले.

पुढे 1991 नंतर आयात मोकळी झाली. चीनमध्ये फार मोठ्या प्रमाणावर पेनिसिलीन तयार होऊ लागले आणि ते इतके स्वस्त पडे की आपल्या कारखान्यांना तो भाव परवडेना. एकामागून एक भट्ट्या थंडावल्या. पुढे बरीच वर्षे या औषधाचा मूळ कच्चा माल आपल्याकडे जवळजवळ तयारच होत नव्हता. तो बाहेरून येई आणि आपल्याकडे फक्त बाटल्या भरल्या जात. स्वस्तात मिळते तर घरी कशाला करा, हा हिशेब त्यावेळी चूक वाटत नव्हता. औषध खरोखरच स्वस्त राहिले आणि त्याचा लाभ रुग्णांना झाला, हेही खरे आहे.

पण अडचण अशी की बेन्झाथीन पेनिसिलीनचा कच्चा माल बनवणारे कारखाने साऱ्या जगात बोटांवर मोजण्याइतके उरले आणि त्यातील बहुतेक चीनमध्ये. औषध जुने, त्यावर कोणाचा एकाधिकार नाही, नफा नगण्य. त्यामुळे नवा कारखाना काढण्याची कोणाला हौस नाही. अशा वेळी एका कारखान्यात गुणवत्तेच्या तपासणीत दोष निघाला किंवा दुरुस्तीसाठी काम थांबले, की अनेक देशांतील बाटल्या एकाच वेळी रिकाम्या होतात. 2014 नंतरच्या दोन-तीन वर्षांत अनेक देशांत हे इंजेक्शन मिळेनासे झाले होते. ब्राझीलमध्ये तर गरोदर स्त्रियांना उपदंशावर द्यायला ते मिळेना, आणि उपदंशाच्या बाबतीत पोटातील बाळ वाचवण्याचा तोच खात्रीचा उपाय. 2023 साली खुद्द अमेरिकेतही त्याची टंचाई झाली. म्हणजे ज्या देशाने पेनिसिलीन टाकीत वाढवायला जगाला शिकवले, त्याच्याही दुकानात एकदा तेच उत्तर मिळाले जे शिंपीदादांना मिळाले होते.

दोर दोन्ही टोकांनी ओढला जातो

हे वाचून कोणी म्हणेल, दोष परदेशांचा आहे. तसे म्हणणे न्यायाचे होणार नाही. 2020 च्या प्रारंभी चीनमध्ये कोरोनाची साथ पसरली आणि कच्चा माल येईल की नाही अशी धास्ती आपल्याला वाटली. तेव्हा 3 मार्च 2020 रोजी आपल्या सरकारने पॅरासिटॅमॉलसह 26 औषधे व औषधी द्रव्यांच्या निर्यातीवर बंधने घातली. घरच्यांसाठी आधी राखून ठेवावे, हा विचार समजण्याजोगा आहे. पण त्या दिवशी दूरच्या कुठल्या तरी देशातील दवाखान्यात माझ्यासारखाच एखादा डॉक्टर कुणाला तरी सांगत असेल, "माल आला की निरोप पाठवतो."

2021 मध्ये हेच पुन्हा घडले. पुण्यात तयार होणाऱ्या कोविशील्ड लसीवर आफ्रिकेतील कितीतरी देश अवलंबून होते. आपल्याकडे दुसरी लाट आली, प्राणवायूसाठी माणसे धावू लागली आणि लसीची निर्यात काही महिने थांबली. आपल्याला तेव्हा दुसरे काही सुचणे शक्य नव्हते. पण त्या देशांतील परिचारिकांना आणि वृद्धांना त्यामुळे ताटकळावे लागले, हेही तितकेच खरे. आपण एका औषधाच्या बाबतीत दोराच्या शेवटच्या टोकाला आहोत, दुसऱ्या औषधाच्या बाबतीत पहिल्या टोकाला.

तेव्हा गुरुजींच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे. संबंध आहे, आणि तो आपल्या रक्तापर्यंत येऊन पोहोचलेला आहे. जवळ आलेल्या जगाने आपल्याला खूप दिले. अकरा वर्षांच्या त्या मुलीचे हृदय सांभाळणारे औषध तिच्या आजीच्या बालपणी कोणत्याही राजाला विकत मिळाले नसते. पण त्याच जगाने आपले बरेच धागे आपल्याला न दिसणाऱ्या हातांत दिले आहेत.

चुकांमधून काही शिकणेही चालू आहे. कच्चा माल देशात बनावा म्हणून 2020 मध्ये केंद्र सरकारने उत्पादनाशी निगडित अनुदानाची योजना आणली आणि 2024 मध्ये आंध्र प्रदेशातील काकीनाडा येथे पेनिसिलीनचा मूळ माल पुन्हा तयार होऊ लागला. तो परदेशी मालाच्या भावाशी किती टिकाव धरेल, हे पुढे दिसेल. त्याआधी 2018 मध्ये जागतिक आरोग्य सभेने या हृदयविकारावर स्वतंत्र ठराव करून पेनिसिलीनचा पुरवठा हा सर्व देशांच्या काळजीचा विषय मानला.

मग आपण काय करावे?

आता गुरुजींचा दुसरा प्रश्न. चीनमधील कारखाना किंवा समुद्रातील जहाज आपल्या हाती नाही. परंतु घसा, तारीख आणि चौकशी या तीन गोष्टी आपल्या हाती आहेत.

पहिली गोष्ट घसा. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाला एकाएकी ताप येऊन घसा दुखू लागला, गिळताना त्रास होतो, मानेतील गाठी दुखतात, पण सर्दी-खोकला मात्र नाही, तर त्याला डॉक्टरांना दाखवा. प्रत्येक घसादुखीला प्रतिजैविक लागत नाही. बहुतेक घसे विषाणूंमुळे दुखतात आणि मिठाच्या गुळण्यांनी व विश्रांतीने बरे होतात. पण डॉक्टरांनी पेनिसिलीन किंवा त्या जातीचे औषध दहा दिवस सांगितले, तर ते दहा दिवस पुरे करा. दोन दिवसांत बरे वाटले म्हणून उरलेल्या गोळ्या फळीवर ठेवल्या, की जंतू घशात शिल्लक राहतो. आमच्या शिंपीदादांच्या घरी नेमके हेच झाले होते.

मुलाचे सांधे एकामागून एक सुजून उतरले, तर लेपाला श्रेय देऊन थांबू नका. छाती तपासून घ्या. शाळेत आरोग्य तपासणीचे पथक येते, त्यांच्या तपासणीत हा हृदयविकारही असतो. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका.

दुसरी गोष्ट तारीख. ज्यांना ही सुई सुरू आहे, त्यांनी तारीख लिहून ठेवावी आणि औषध त्या दिवशी न शोधता दहा दिवस आधीच आणून थंड, कोरड्या जागी ठेवावे. एक बाटली पुढची, इतकेच पुरे. दहा बाटल्या साठवू नयेत. आपण दहा घेतल्या की दुसऱ्या नऊ मुलांची सुई चुकते. 2020 मध्ये घाबरून केलेल्या साठेबाजीने काय झाले, ते आपण पाहिले आहे.

तिसरी गोष्ट चौकशी. औषध मिळत नसेल तर गप्प बसू नका आणि माझ्यासारखा डॉक्टर "चालेल" म्हणाला तरी थांबू नका. त्याला स्पष्ट विचारा, "तोवर दुसरं काय देता?" प्राथमिक आरोग्य केंद्रात, ग्रामीण रुग्णालयात, जिल्हा रुग्णालयात विचारा. आशाताईंना सांगा. चार ठिकाणी मागणी नोंदली गेली की ती वरपर्यंत जाते. जो कोणी मागत नाही त्याची गरज कागदावर येत नाही.

या सुईबद्दल भीतीही फार आहे. पेनिसिलीनची तीव्र ॲलर्जी होऊ शकते, पण ती फार विरळा. पूर्वी कधी पेनिसिलीनने अंगावर पित्त उठले, चेहरा सुजला किंवा श्वास कोंडला असेल, तर आधी सांगा. उपाशीपोटी येऊ नका. सुई जेथे तातडीच्या उपचारांची सोय आहे तेथेच घ्या आणि नंतर अर्धा तास तेथेच बसा. ज्यांची झडप फारच खराब झाली आहे, त्यांना सुई द्यावी की गोळ्या, हे हृदयरोगतज्ज्ञांना ठरवू द्या. फोनवर येणारे "अमुक इंजेक्शनवर बंदी आली" असले निरोप पुढे पाठवण्याआधी एकदा जवळच्या डॉक्टरांना विचारा. कारखाना बंद पडल्याने सुई चुकते, तशी अफवेनेही चुकते.

आणखी एक गोष्ट मुलींच्या आईबापांसाठी. लग्न ठरताना हा आजार लपवला जातो आणि सासरी गेल्यावर सुई बंद पडते. मग गरोदरपणी हृदयावर भार वाढतो आणि सहाव्या-सातव्या महिन्यात मुलगी धापा टाकत येते. असे बाळंतपण मी पाहिले आहे. नियमित उपचार, वेळेवर एको आणि तज्ज्ञांचा सल्ला असेल तर यातील पुष्कळ मुलींचा संसार सुखाने होतो. आकसलेली झडप फुग्याने रुंद करता येते, झडप बदलता येते, आणि अशा शस्त्रक्रियांचा खर्च शासनाच्या आरोग्य योजनेतून होऊ शकतो. लपवण्याने मात्र काहीच वाचत नाही.

धडधडीविषयी

गुरुजी, आपल्या धडधडीबद्दल. बातम्या वाचणे सोडू नका. सकाळी एकदा वाचा, पण रात्री निजताना फोनवर त्याच बातम्या पुन्हा पुन्हा पाहू नका. झोपेआधीचा तास मोकळा ठेवा, रोज अर्धा-पाऊण तास चाला. धडधड बसल्या जागी वारंवार होत असेल, घेरी येत असेल किंवा छातीत दुखत असेल, तर एक कार्डिओग्राम काढून घ्या. सारेच मनाचे खेळ समजू नका.

आणि बातमी वाचून झाली की स्वतःला विचारा, यातला कोणता धागा माझ्या हाताशी येतो? बहुतेक बातम्यांत तो नसतो, त्या वाचून बाजूला ठेवाव्यात. कधी तरी असतो. तेव्हा ज्या माणसाने पत्र लिहिण्याची तसदी घेतली, त्याच्याजवळ करण्यासारखे काम आहे. आपण ज्या शाळेत तीस-पस्तीस वर्षे शिकवले, तेथे जाऊन मुलांना घसादुखीबद्दल दहा मिनिटे सांगा. आपल्या गल्लीत कुणाला ही सुई सुरू असेल तर त्याची तारीख विचारून ठेवा. जगाची काळजी वाहताना छाती धडधडते. एका मुलाची तारीख लक्षात ठेवताना ती फारशी धडधडत नाही, असा माझा स्वतःचा अनुभव आहे.

त्या सात आठवड्यांनंतर मी दवाखान्यात एक वही ठेवली. तिच्यात अशा रुग्णांच्या तारखा असतात. कंपाउंडर दर सोमवारी ती उघडतो आणि ज्यांची तारीख पुढच्या दहा दिवसांत आहे त्यांना फोन करतो. औषध दुकानात आहे की नाही, हे त्याच दिवशी कळते. नसेल तर शोधायला वेळ मिळतो आणि तोवरच्या गोळ्या मी आधीच लिहून ठेवतो. मधल्या वर्षांत औषध आणखी दोनदा अडले. एकाही रुग्णाचा खंड पडला नाही.

ती मुलगी आता कॉलेजात शिकते. झडपेची गळती आहे तेवढीच आहे, वाढलेली नाही. दर सहा महिन्यांनी एको होतो. सुई अजून दुखते असे ती म्हणते. वडिलांच्या डोळ्यांना आता बारीक शिवण दिसत नाही, म्हणून खडूची फुली तीच मारते. तिची पुढची तारीख येत्या मंगळवारी आहे आणि तिची बाटली कपाटात आणून ठेवलेली आहे.